संत्र्यावरची कोळशी: काळ्या पानाखालची कीड वेळेत कशी पकडायची

कोळशी आलेल्या बगीच्यात शिरलं की पानांचा वरचा भाग आधी डोळ्यात भरतो. सगळं झाड काजळी फासल्यासारखं काळं दिसतं आणि बागायतदार बुरशीनाशक आणायला निघतो. दोन-तीन फवारण्या होतात, पैसे जातात, आणि पुढच्या बहारात कोळशी पुन्हा हजर असते. कारण ती काळी बुरशी हा या दुखण्याचा शेवटचा टप्पा आहे. सुरुवात पानाच्या खालच्या बाजूला, दोन-अडीच महिने आधीच झालेली असते. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांना हे नाव नवीन नाही. तरीही दरवर्षी फवारणी चुकते ती औषधामुळे कमी आणि वेळेमुळे जास्त. म्हणून या लेखात औषधांच्या नावांपेक्षा वेळेबद्दल अधिक लिहिलं आहे.

आधी खात्री करा: हे काळं नेमकं काय आहे?

कॅप्नोडियम वर्गातल्या बुरशी पानावर, फांदीवर आणि फळावर वाढतात. त्या पानाच्या आत शिरत नाहीत, पेशी खात नाहीत. रस शोषणारी कीड जास्तीचा गोड, चिकट द्रव म्हणजे चिकटा बाहेर टाकते. तो खालच्या पानांवर पडतो आणि त्या साखरेवर ही बुरशी पोसली जाते. ज्या झाडावर चिकटा नाही, त्या झाडावर काजळी धरत नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. ओल्या कापडाने किंवा ओल्या अंगठ्याने पान घासा. काळा थर निघून आला आणि खाली हिरवं, निरोगी पान दिसलं, तर ती कोळशी. डाग पानातच रुतलेला असेल, भोवती पिवळं वलय असेल किंवा बोटाला खरखरीत उंचवटा लागत असेल, तर तो खैऱ्या किंवा दुसरा कुठला रोग आहे आणि त्याचा इलाज वेगळा. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळही काळपट दिसते, पण धूळ चिकट नसते आणि एका पावसात धुऊन जाते.

बुरशी पान खात नसली तरी नुकसान खरं आहे. काळ्या थरामुळे पानाला ऊन मिळत नाही, अन्न कमी तयार होतं, झाड रोडावतं आणि फूट मंदावते. त्यातच खालून कीड रस ओढत असते. एक-दोन वर्षं दुर्लक्ष झालं की फुलोरा घटतो, फळं लहान राहतात, बेचव होतात आणि काळी पडतात. काळ्या फळाला बाजारात भाव पडून मिळतो, हे सांगायला नको.

पान उलटा: दोषी कोण ते ठरवा

काळ्या झालेल्या पानाकडे पाहून कीड सापडत नाही. चिकटा वरून खाली पडतो, म्हणून काळ्या पानांच्या *वर* असलेल्या फांद्यांची पानं तोडा आणि उलटून पाहा. दहापट मोठं दाखवणारं भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. बागायतदाराच्या खिशात ते असायलाच हवं. एक चुकलेली फवारणी त्याच्या कितीतरी पट महाग पडते.

विदर्भातल्या संत्र्यावर बहुतेक वेळा सापडते ती काळी माशी, शास्त्रीय नाव अ‍ॅल्युरोकँथस वोगलुमी. नाव माशीचं असलं तरी ही पांढऱ्या माशीच्या कुळातली. प्रौढ जेमतेम दीड मिलिमीटरची असते, पंख निळसर-काळपट असतात. पानाच्या खालच्या बाजूला तिची काळी, चकचकीत, काटेरी पिलं चिकटून बसलेली दिसतात आणि मोठ्या पिलांभोवती पांढऱ्या मेणाची झालर असते. नखाने ती सहज सुटत नाहीत. अंड्यांची मांडणी पाहिली की मग शंकाच उरत नाही: चकलीसारख्या गोल वळणांत एकामागून एक घातलेली.

बाकीचे दोषीही ओळखता आले पाहिजेत. मावा कोवळ्या शेंड्यांवर झुंडीने बसतो आणि पानं आकसतात. संत्र्यावरचा काळा मावा ट्रिस्टेझा या विषाणूजन्य रोगाचा प्रसार करतो, म्हणून तो थोडा दिसला तरी सोडू नका. सिलाची पिलं पिवळसर आणि चपटी असतात, कोवळ्या फुटीत बसतात आणि त्यांच्या मागून पांढरे मेणचट धागे लोंबतात. सिला ग्रीनिंग रोग पसरवते, त्यामुळे तिच्या बाबतीत काजळी ही दुय्यम चिंता आहे. पिठ्या ढेकूण कापसासारख्या पुंजक्यांत देठाशी आणि फळांच्या घोसांत दडतो. मऊ खवले कीड फांदीवर तपकिरी फुगवट्यांसारखी दिसते आणि मुंग्यांची ये-जा तिच्याकडे हमखास बोट दाखवते.

पुढचं सगळं मुख्यतः काळ्या माशीबद्दल आहे. मावा आणि सिला यांच्यासाठी फवारणीची वेळ नवती (नवी कोवळी पालवी) फुटताच येते, अंडी उबण्याची वाट पाहायची नसते.

काळ्या माशीचं वर्ष: हे समजलं तर अर्धं काम झालं

संत्र्याला वर्षातून तीनदा नवती येते: आंबिया बहाराची जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत आणि हस्ताची ऑक्टोबरच्या आसपास. काळी माशीही मध्य भारतात वर्षातून तीनच पिढ्या काढते, आणि त्या या नवतीच्या मागोमाग चालतात. माशीला अंडी घालायला कोवळं पानच लागतं.

साधारण क्रम असा. मार्चच्या उत्तरार्धात माश्या कोषातून निघतात, आंबियाच्या नवतीवर अंडी घालतात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पिलं बाहेर येतात. दुसऱ्या पिढीची पिलं जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दिसतात. तिसऱ्या पिढीची डिसेंबरात. पावसाच्या तारखा आणि थंडी-उष्णता यांप्रमाणे हे आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतं. त्यामुळे कॅलेंडर पाहून फवारणी करू नका. कॅलेंडर फक्त भिंग घेऊन बगीच्यात कधी जायचं ते सांगतं.

अंड्याचा रंग तुम्हाला दिवस मोजून देतो. नुकतं घातलेलं अंडं पिवळसर-पांढरं असतं, मग तपकिरी होतं आणि उबण्याआधी काळपट पडतं. उन्हाळ्यात हे आठवडा-दीड आठवड्यात होतं, थंडीत त्याहून उशिरा. बाहेर आलेलं पिलू थोडंसं सरकतं, जागा धरतं, सोंड खुपसतं आणि पुढचं बालपण तिथेच काढतं. या पहिल्या अवस्थेत त्याच्या अंगावर ना मेण असतं ना कडक कवच. औषध लागू पडतं ते तेव्हाच. पुढे तीनदा कात टाकून ते कोषात जातं. कोष काळा, टणक आणि काट्यांनी झाकलेला असतो. त्याच्यावर मारलेलं बहुतेक औषध वाया जातं. अंडी ते माशी हा प्रवास हवामानाप्रमाणे दीड ते चार महिन्यांचा, आणि त्यातले औषधाच्या उपयोगाचे दिवस मोजकेच.

आता अडचण अशी, की काजळी ठळक दिसते ती पिलं मोठी होऊन भरपूर चिकटा सोडू लागल्यावर. म्हणजे बगीचा काळा दिसल्यावर पंप काढणारा माणूस नेमका कोषांवर फवारत असतो. दरवर्षी औषध बदलूनही फरक का पडत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. औषध बनावट असेल असा संशय घेण्याआधी फवारणीची तारीख आठवून पाहा.

म्हणून करायचं ते असं. मार्चच्या मध्यापासून, जुलैच्या सुरुवातीपासून आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून दर तीन-चार दिवसांनी बगीच्यात फिरा. बगीच्याच्या चारही बाजूंची आणि मधली काही झाडं ठरवून घ्या आणि त्यांना रिबीन बांधून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी तीच झाडं पाहिली जातील. दाट, सावलीचे, पाण्याच्या जवळचे कोपरे यात हवेतच. कीड आधी तिथे उठते. कोवळी फांदी हलवा, बारीक निळसर-काळ्या माश्या उडाल्या तर अंडी येऊ घातली आहेत. मग प्रत्येक झाडाची कोवळी पानं उलटून अंड्यांच्या चकत्या शोधा. ज्या दिवशी चकत्यांमधली साधारण निम्मी अंडी उबलेली दिसतील, तो पहिल्या फवारणीचा दिवस. उबलेलं अंडं रिकामं, चिरलेलं टरफल होऊन पानालाच चिकटून राहतं, भिंगातून ते सहज कळतं. दुसरी फवारणी त्यानंतर पंधरा दिवसांनी, मागाहून उबलेल्या पिलांसाठी.

पिवळे चिकट सापळे लावले तर माश्या निघाल्याची सूचना मिळते. त्यांनी कीड आटोक्यात येईल असं मात्र समजू नका.

फवारणीआधी झाड मोकळं करा

हे काम लोक टाळतात, कारण त्यात मजुरी जाते. पण दाट झाडात औषध आतल्या पानांच्या खालच्या बाजूला पोचतच नाही, मग बाकीचा खर्च कशासाठी करायचा?

फळं उतरल्यावर सल (वाळक्या काड्या) काढा. वाळलेल्या, रोगट, एकमेकींत घुसलेल्या फांद्या कापा. खोडावरचे आणि जाड फांद्यांवरचे पाणसोट वर्षभर येत राहतात. ते कोवळे असतानाच हाताने मोडा. त्यांची लुसलुशीत पानं काळ्या माशीला आणि माव्याला अवेळी घर देतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलून घ्या. कापलेल्या जाड फांद्यांच्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. कोषांनी भरलेली पानं असलेल्या छाटलेल्या फांद्या धुऱ्यावर (बांधावर) ढीग घालून ठेवू नका, लगेच बाहेर नेऊन नष्ट करा.

संत्र्याचं प्रचलित अंतर ६ बाय ६ मीटर आहे, हेक्टरी २७७ झाडं. जुन्या बगीच्यांत झाडं त्याहून दाट असतात आणि पंधरा-वीस वर्षांत एकमेकांत गुंततात. आत ऊन नाही, वारा नाही, ओलावा मात्र भरपूर. काळ्या माशीला याहून चांगली जागा नाही. अशा बगीच्यात दोन ओळींमधून माणूस सरळ चालू शकेल एवढी वाट छाटणीने करून घेतली, तरी पुढच्या बहारात फरक दिसतो. माझ्या मते कोळशीवरचा सर्वांत टिकाऊ इलाज ही छाटणीच आहे.

फवारणी कशी आणि कशाची

सुरुवात निंबोळीने करा. हा सल्ला मी सेंद्रियच्या आग्रहापोटी देत नाही. कोवळ्या पिलांवर तेल थेट काम करतं, ते मित्रकीटकांना तुलनेने सौम्य असतं आणि किडीत प्रतिकारशक्ती येण्याची भीती त्यात कमी असते.

निंबोळी तेल १० लिटर पाण्याला १०० मिली घ्यायचं. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात १० ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा, त्यात तेल ओतून दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळा आणि मग उरलेलं पाणी घाला. फवारताना टाकी हलवत राहा. वर तेलाचा तवंग दिसला तर मिश्रण फुटलं आहे; ते झाडावर मारू नका, पानं करपतात.

घरी निंबोळ्या असतील तर ५ टक्के अर्क काढा. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून पिळून गाळा, १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळा आणि सगळं मिळून १०० लिटर करा. अर्क त्याच दिवशी संपवायचा. बऱ्याच जणांच्या धुऱ्यावर कडुनिंब असतो आणि निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पिकून पडतात. तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर या दोन्ही फवारण्यांना उपयोगी येतात.

प्रादुर्भाव जोरात असेल तर रासायनिक औषध लागतं. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल १० लिटरला ५ मिली, किंवा थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी १० लिटरला ३ ग्रॅम, ही संत्र्यावरच्या रसशोषक किडींसाठी सर्रास वापरली जाणारी मात्रा. पण ही दोन्ही एकाच गटातली आहेत. पहिल्या फवारणीला एक आणि दुसऱ्या फवारणीला दुसरं, असं केलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. एक फवारणी रासायनिक, दुसरी निंबोळी तेलाची, हा क्रम चांगला. झाडावर फुलं असताना या औषधांना हात लावू नका, मधमाश्या मरतात. खरेदी करताना लेबलवर लिंबूवर्गीय पीक लिहिलेलं आहे का ते वाचा. मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ यांबाबत लेबलचा शब्द शेवटचा, दुकानदाराचा नाही. जुन्या पत्रकांत मोनोक्रोटोफॉस आणि डायमिथोएट अजून सापडतात. त्यांच्यावर आता निर्बंध आले आहेत, ती विसरा.

डिसेंबरातली फवारणी जरा अवघड असते, कारण त्या वेळी आंबियाची फळं झाडावर असतात किंवा तोडणी सुरू असते. फळं असतील तर निंबोळी तेलच वापरा, किंवा तोडणी आधी उरका. एप्रिलचा प्रश्न वेगळा आहे. विदर्भात तेव्हा पारा चाळिशीकडे जातो. भर उन्हात मारलेलं तेल पानं आणि बारीक फळं भाजून काढतं, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारा, आणि झाडाला पाण्याचा ताण असताना तेल मारूच नका. गंधक फवारलं असेल तर तेलाची फवारणी त्याच्या मागोमाग घेऊ नका, त्यानेही पानं जळतात. ऑगस्टमध्ये उघडीप पाहूनच पंप काढा.

हवेत दमटपणा असताना, म्हणजे पावसाळी पिढीवर, व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी १० लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात उपयोगी पडते. ती संध्याकाळी फवारा, आणि पुढे-मागे बुरशीनाशक मारू नका, नाहीतर तीच मरेल.

आता खरी गोष्ट: औषध कुठे पडतं. पिलं पानाखाली आहेत आणि फवारणीची गन बाहेरून, वरून चालते. मोठ्या झाडाला सात-आठ लिटर द्रावण लागतं, तरी पानाची खालची बाजू कोरडी राहू शकते. गन झाडाच्या घेरात आत घाला, नोझल वर करा आणि आतून बाहेर फवारा, मग बाहेरून एक फेरी मारा. काम झालं की आतल्या फांदीवरची पानं उलटून पाहा. ओली नसतील तर ते झाड परत घ्या. मजुरावर सोडून घरी गेलात तर दोनशे झाडं दोन तासांत होतात, आणि कोळशी तिथेच राहते.

फवारणाऱ्या माणसाची काळजी मात्रेइतकीच महत्त्वाची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. संत्र्यात तर गन डोक्यावर धरावी लागते, औषधाचे तुषार तोंडावर येतात. हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. उपाशीपोटी काम नको, वाऱ्याच्या विरुद्ध फवारणी नको, आणि मळमळ किंवा डोळ्यांसमोर धूसर वाटायला लागलं की औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

जे तुमच्यासाठी फुकट काम करतात

काळी माशी मूळ आशियातली. १९१३ साली ती जमैकात सापडली आणि पुढे मध्य अमेरिकेत पसरली. १९३५ मध्ये मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतात ती आढळली आणि तिथल्या संत्र्या-मोसंब्यांना तिने जेरीस आणलं. औषधांनी भागेना, तेव्हा १९४९-५० च्या सुमारास भारत आणि पाकिस्तानातल्या बागांमधून तिच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या गोळा करून मेक्सिकोत नेण्यात आल्या. अ‍ॅमिटस हेस्पेरिडम आणि एनकार्सिया या गांधीलमाश्यांनी तिथे कीड ताब्यात आणली. पुढे १९७६ मध्ये फ्लोरिडात काळी माशी निघाली, तेव्हा मेक्सिकोतून याच गांधीलमाश्या तिथे पोचल्या. ज्यांना जगाने आपल्याकडून नेलं, त्यांना आपण सर्वव्यापी कीटकनाशकांचं मिश्रण मारून संपवतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्या तुमच्या बगीच्यात आहेत का, हे भिंगाने कळतं. पानाखालचे रिकामे काळे कोष पाहा. कोष इंग्रजी टी अक्षरासारखा चिरलेला असेल तर त्यातून काळी माशी निघाली. पाठीवर नीट गोल भोक असेल तर त्यातून गांधीलमाशी निघाली. पाच-सहा झाडांवरचे कोष मोजा. गोल भोकं निम्म्याहून अधिक दिसत असतील तर रासायनिक फवारणी थांबवा आणि फक्त निंबोळीवर भागवा. क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या आणि ढालकिडेही पिलं फस्त करतात. क्रायसोपाची अंडी बारीक दांड्यावर उभी असतात, ती कीड समजून चिरडू नका.

मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करा. चिकट्यासाठी त्या मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले किडीची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या कापल्या की त्यांची अर्धी वाट बंद होते. उरलेली वाट बंद करायला खोडाभोवती कागदाची किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि *तिच्यावर* चिकट पदार्थ लावा. ग्रीस थेट सालीवर लावलं तर साल खराब होते.

बसलेली काजळी कशी उतरवायची

कीड थांबली की काजळीला खाद्य मिळत नाही. ऊन, वारा आणि पाऊस यांनी ती काही आठवड्यांत वाळून पापुद्र्यांनी गळते. दाट झाडात महिनेही लागतात. घाई असेल, समजा फळं तोडणीला आली आहेत, तर स्टार्चची फवारणी करता येते. १ किलो मैदा किंवा स्टार्च ५ लिटर पाण्यात उकळून खळ करा, २० लिटरपर्यंत पातळ करा, गाळून घ्या आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी फवारा. खळ वाळून पापुद्रे सुटतात, त्यांच्यासोबत काजळी निघते. ढगाळ दिवशी हे करू नका. ओलसर खळीवर बुरशी आणखी वाढते.

कॉपर ऑक्सिक्लोराईड काजळीवर मारण्याची पद्धत आहे. कीड जिवंत असताना त्याने काहीच साधत नाही, आणि कीड मेल्यावर त्याची गरज उरत नाही. पावसाळ्यात डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) किंवा खैऱ्यासाठी ते मारणारच असाल तर मारा, पण कोळशीच्या खात्यावर तो खर्च टाकू नका.

काळी झालेली फळं स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशने किंवा स्पंजने धुतली की उजळतात. धुऊन सावलीत पूर्ण कोरडी केल्याशिवाय पेटीत भरू नका, ओल्या फळांची सड वाटेतच सुरू होते. आतला गर खायला सुरक्षित असतो.

यश कशावरून मोजायचं? जुन्या काळ्या पानांवरून नाही, ती काळीच राहतील आणि यथावकाश गळतील. पुढची नवती फुटून महिनाभर झाला की तिच्या पानांना हात लावा. चिकट लागली नाहीत आणि खालून स्वच्छ निघाली, तर काम झालं.

कुंडीतलं लिंबू असेल तर

पुण्या-मुंबईच्या गच्चीवरच्या कागदी लिंबावर काजळी येते ती बहुधा मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले किडीमुळे. इथे तुमचे हात हेच औषध. ओल्या कापडाने प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसा, खवले जुन्या टूथब्रशने खरवडा, मग पाण्याचा फवारा खालून वर मारा. त्यानंतर १ लिटर पाण्यात १० मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला एकदा, असं तीन-चार वेळा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. शेजारी कढीपत्ता किंवा कामिनीचं झुडूप असेल तर तेही तपासा, सिला त्यांवर मुक्काम करते. घरातल्या झाडावर बागेतली रासायनिक औषधं वापरायचं कारण नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की अवेळी लुसलुशीत फूट येते आणि किडीच्या तीन पिढ्यांच्या मधल्या काळातही तिला कोवळं पान मिळतं. नत्र हप्त्यांनी, शेणखतासोबत आणि माती परीक्षण पाहून द्या. पाण्याचंही तसंच: मोकाट पाणी सोडलेल्या, कायम ओल्या बगीच्यात कोळशी हटत नाही. ठिबक लावा, दांडांत पाणी साचू देऊ नका, भारी जमिनीत पावसाळ्यात चर काढा. बहारासाठी पाण्याचा ताण नीट दिला आणि नोंद ठेवली तर नवती एकाच वेळी येते, आणि मग कीडही एकाच वेळी उबते. विस्कळीत नवतीच्या बगीच्यात निम्मी अंडी उबण्याचा दिवस सापडतच नाही.

रोपं विकत घेताना पानं उलटून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्या बगीच्यात कोळशी पुष्कळदा रोपांबरोबरच येते. नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्या. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथून रोपं आणि सल्ला दोन्ही मिळू शकतात.

आणि शेजाऱ्याशी बोला. माशी धुरा पाहत नाही. तुम्ही ५ एप्रिलला फवारलं आणि पलीकडच्या सोडून दिलेल्या बगीच्यात कोष तसेच राहिले, तर जुलैत तिकडच्या माश्या तुमच्या मृगाच्या नवतीवर येणारच. शिवारातल्या आठ-दहा बागायतदारांनी मिळून एकाने पानं तपासायची आणि त्याने फोन केला की सगळ्यांनी चार-पाच दिवसांत फवारणी उरकायची, एवढी व्यवस्था पुरते. पानं तपासण्याचं काम दर बहाराला आळीपाळीने दिलं तर दोन वर्षांत सगळ्यांनाच भिंगातून अंडं ओळखता येतं. सोडून दिलेला बगीचा कोणाचा असेल तर मालकाची परवानगी घेऊन गटानेच तिथल्या बांधाकडच्या दोन-तीन ओळी फवारून घ्याव्यात. खर्च वाटून घेतला तर फार पडत नाही.